निजवलेली राणी

मी पट्टदगोंबे. बंगळुरात दसऱ्याला घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. त्यांत राजा आणि राणी अशी एक लाकडी जोडी असते, तिला हे नाव. त्या जोडीतली मी राणी. वीतभर उंच, रक्तचंदनाची, नाक थोडे झिजलेले, उजव्या पायावर दातांच्या खुणा. त्या दातांबद्दल पुढे सांगेन.

वर्षातले दहा दिवस मी उजेडात असते. उरलेले दिवस लोखंडी ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात, कडुनिंबाच्या वाळल्या पानांसोबत. ट्रंक मधल्या खोलीतल्या पलंगाखाली असते, म्हणून मला दिसत नसले तरी ऐकू सगळे येते. ट्रंकेसमोर कुणी आवाज खाली करत नाही.

रोज पाहणाऱ्याला माणूस बदललेले कळत नाही. वर्षातून एकदा पाहणाऱ्याला झाकण उघडताक्षणी कळते. या घरच्या धाकट्या सुनेला, विमलाला, मी अशी दर वर्षी पाहिली. आठ वेळा.

तिरुपतीच्या पायथ्याशी एका सुताराने राजाला आणि मला एकाच ओंडक्यातून काढले. तिथून आम्हाला विकत घेतले ते विमलाच्या वडिलांनी, खानापूरच्या कृष्णातरावांनी. खानापुराकडे दसऱ्याला सोने लुटतात, बाहुल्या मांडत नाहीत. पण मुलगी बंगळुरात चामराजपेटेत दिली होती, तिथल्या जुन्या मराठी घरात. कुणीतरी त्यांना सांगितले, तिकडे वधूला माहेरून राजा-राणी द्यावी लागते. म्हणून ते देवदर्शनाला गेले तेव्हा आठवणीने आम्हाला घेऊन आले.

एक गोष्ट मात्र त्यांना कुणी सांगितली नाही. आम्ही सुताराकडून निघतो ते उघडे लाकूड म्हणून. मुलीच्या आईने आम्हाला रेशमी कपडे शिवायचे असतात, मणी बांधायचे असतात, डोळे रेखायचे असतात. विमलाची आई यल्लव्वा हिला हे ठाऊक नव्हते. तिने आम्हाला स्वच्छ धुतले, हळदकुंकू लावले आणि नव्या खणात गुंडाळून लेकीच्या ओटीत घातले. तिच्या हाताला भाकरीच्या पिठाचा वास होता.

लग्नानंतर चामराजपेटेतल्या घरात बायकांनी तो खण उलगडला. कुणी हसले नव्हते, हे मला नीट आठवते.

"अय्यो, किती साधं!" थोरली जाऊ भाग्यलक्ष्मी पुढे झाली आणि तिने मला दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवले. "कुणी हसू नका गं. त्यांच्याकडे ही पद्धतच नसते. त्यात त्यांचा काय दोष?"

मग सगळ्या हसल्या. यल्लव्वा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"मी शिवते की कपडे," भाग्यलक्ष्मी विमलाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली. "तू काही मनाला लावून घेऊ नकोस. तू माझी धाकटी बहीणच."

तिने खरोखरच शिवले. टाके इतके बारीक की सुई कुठून गेली हे दिसू नये. कापड मात्र तपकिरी अस्तराचे होते.

त्या घरात चारच माणसे. थोरले नरसिंहराव, त्यांचे अव्हेन्यू रोडवर कागदाचे दुकान, बोलणे कमी. त्यांची बायको ही भाग्यलक्ष्मी, लग्नाला आठ वर्षे झालेली, मूलबाळ नाही. धाकटा विश्वेश्वर टेलिफोनच्या कारखान्यात, सकाळी कारखान्याच्या बसने जायचा आणि दमून यायचा. सासू मालनबाई आधीच गेलेल्या. त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा भाग्यलक्ष्मीच्या कमरेला होता. तिचा आवाज मृदू. तिने कधी कुणाला उलट उत्तर दिले नाही. त्या घरात मी पंधरा वर्षे आहे आणि तिला ओरडताना मी एकदाही ऐकलेले नाही.

बावन्न सालचा तो पहिला दसरा. हॉलमध्ये नऊ पायऱ्या, वर पांढरे कापड. सर्वांत वर कलश आणि त्याच्या बाजूला पट्टदगोंबे, अशी रीत. घरात दोन सुना, म्हणजे दोन जोड्या. विमला आम्हाला ओच्यात घेऊन आली.

"अक्का, कुठं ठेवू?"

"वर जागा आहे की." भाग्यलक्ष्मी मागे सरली, मान कलती करून पाहू लागली. "पण वर ठेवलं तर मुलांना दिसत नाही गं. तुझी नवी जोडी, सगळ्यांनी बघायला नको? खाली शेट्टीजवळ ठेवू या."

शेट्टी-शेट्टम्मा म्हणजे वाणी आणि वाणीण. ती मातीची जाडजूड जोडी सर्वांत खालच्या पायरीवर तांदूळ-डाळीच्या वाट्या मांडून बसलेली असते. आम्ही राजा-राणी त्यांच्या दुकानासमोर गिऱ्हाइकासारखे उभे राहिलो. भाग्यलक्ष्मीची जोडी कलशाशेजारी.

"अक्का किती विचार करतात," विमला संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली. तिला ते खरेच वाटत होते. मलाही.

दशमीला आरती झाली की एका बाहुलीला आडवे निजवायचे असते. दरबार उठला, आता सगळ्यांनी विश्रांती घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या पेटीत जातात. कोणती निजवायची याला नियम नाही.

"यंदाचा मान नव्या राणीचा," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि तिने मला हलकेच पाठीवर झोपवले. बायकांनी कौतुक केले. विमला लाजली.

पुढच्या वर्षी मान माझाच होता. त्याच्या पुढच्या वर्षीही.

दहा दिवस बायका आणि मुले येत. "बाहुल्या बसवल्या का?" असे कानडीत विचारत पोरांचे घोळके घरात शिरत, खिरापत घेऊन जात. बायकांना गाणे म्हणायचा आग्रह होई. विमलाचा गळा चांगला होता. पहिल्या वर्षी तिने देवीचे एक पद म्हटले, तर समोरच्या घरातल्या सोयराबाई डोळे पुसू लागल्या.

दुसऱ्या वर्षी सोयराबाई आल्या आल्याच म्हणाल्या, "विमला, ते गेल्या वर्षीचं म्हण बघू."

"नको हो," भाग्यलक्ष्मी चटकन म्हणाली. "तिचा घसा बरा नाही. ती सांगणार नाही, पण मला कळतं ना."

विमलाचा घसा बरा होता. सकाळी मला पुसताना ती गुणगुणत होती. तिने गोंधळून जावेकडे पाहिले, आणि मग तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यावर गेला. तिथे खरोखर काही दुखते आहे का, हे चाचपून पाहावे तसा.

तो हात मला अजून दिसतो. मला वाटते, सगळे तिथून सुरू झाले.

खानापुराकडच्या बायका 'मी जाते' म्हणायचे तिथे 'मी जातो' म्हणतात. एकदा विमला बायकांसमोर म्हणाली, "मी पाणी आणतो की." भाग्यलक्ष्मी हसली नाही. ती इतकेच म्हणाली, "आण रे बाळा." बायका पोट धरधरून हसल्या. विमलाही हसली. त्यानंतर ती पाहुण्यांसमोर फारसे बोलेनाशी झाली, आणि भाग्यलक्ष्मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागली, "आमची विमला हल्ली अगदी गप्प असते बघा, पाप." कानडीत 'पाप' म्हणजे बिचारी. या घरात दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात.

चोपन्न साली विमलाला मुलगी झाली. सासूचे नाव ठेवले, मालन. पंचावन्नमध्ये मालनला दात येऊ लागले, तेव्हा विमलाने ट्रंक उघडून मला बाहेर काढले. रक्तचंदन बाळाला चघळायला चांगले, असे तिला सोयराबाईंनी सांगितले होते. इथे ती जुनी चाल आहे. तिने माझे कपडे उतरवले, गरम पाण्याने धुतले आणि मालनच्या मुठीत दिले.

ते दोन महिने मी दसऱ्याशिवाय उजेडात होते. मालन माझा उजवा पाय तोंडात धरून झोपायची. तिचे पहिले दोन दात माझ्या पावलावर उमटले. विमला तेव्हा परत गाऊ लागली होती, दार लावून घेऊन, हळू.

मग एका सकाळी भाग्यलक्ष्मीने मला मालनच्या हातातून काढून घेतले. विश्वेश्वर बुटाचे बंद बांधत होता.

"भाऊजी, मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "विमलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ती आई आहे. पण लाकडाचं कुसळ घशात गेलं तर? मला मूल नाही म्हणून मी भितेय असं समजा."

विश्वेश्वरने विमलाकडे पाहिले. तो रागावला नाही. नुसते पाहिले. मी परत ट्रंकेत गेले.

छप्पन सालच्या दसऱ्यानंतर बाहुल्या आवरायचे काम भाग्यलक्ष्मीने आग्रहाने विमलाला दिले. विमलाने राजाला आणि मला एकाच फडक्यात गुंडाळले, ट्रंकेत ठेवले. तेवढ्यात आत मालन रडली म्हणून ती उठून गेली. भाग्यलक्ष्मी आली. तिने फडके उलगडले, राजाला माझ्या शेजारून उचलले, खांद्यावरच्या सुती टॉवेलात गुंडाळले, फडके पूर्ववत दुमडले. घाई नाही, इकडेतिकडे पाहणे नाही. दुधावरची साय काढावी तसे. मग ती आपल्या खोलीत गेली. तिच्या साड्यांच्या कपाटाचे दार करकरते. ते मी ऐकले.

सत्तावन्नला ट्रंक उघडली तेव्हा मी एकटी होते.

"विमला, राजा कुठं गं?"

"तिथंच असेल की, अक्का. मी दोघांना एकत्रच ठेवलं होतं."

"हो का?" भाग्यलक्ष्मीने ट्रंक पूर्ण रिकामी केली. एकेक बाहुली जमिनीवर ठेवत गेली. शेवटी तळाची पाने झटकली. "असू दे. होतं असं. बाळंतपणानंतर कुणाकुणाला होतं."

विमलाने ते घर तीन दिवस शोधले. माळा, कोळशाचे पोते, न्हाणीघराच्या मागची अडगळ. चौथ्या दिवशी तिने खानापूरला पत्र लिहायला घेतले, वडिलांना कळवावे म्हणून, आणि अर्ध्यात फाडले. "माझ्या हातून आईबापांची वस्तू हरवली," ती मला पुसताना पुटपुटली. वरच्या पायरीवर भाग्यलक्ष्मीचा राजा मिशा रेखून उभा होता.

येणाऱ्या प्रत्येक बाईने विचारले, राणी एकटी का? आणि प्रत्येकीला भाग्यलक्ष्मीने तेच सांगितले. "तिला काही विचारू नका हं. तिला फार लागलंय."

त्या वर्षानंतर ट्रंकेच्या बाहेर वस्तू हरवू लागल्या. कपाटाची किल्ली. मालनची चांदीची वाळी. उतू जाणारे दूध, जे विमलाने उतरवून ठेवल्याचे तिला आठवत होते. दर वेळी मृदू आवाज, "असू दे, असू दे." विश्वेश्वरचा आवाज मात्र हळूहळू बदलत गेला. आधी तो म्हणे, "सापडेल." मग म्हणू लागला, "परत?" मग काहीच म्हणेना.

अठ्ठावन्नच्या दसऱ्याला मला विमलाच्या पदराला गाठी दिसल्या. गोष्ट विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारतात. तिच्या पदराला पाच होत्या. ती प्रत्येक गाठ चिमटीत धरून ओठ हलवायची: ही पाण्याची, ही किल्लीची, ही मालनच्या औषधाची.

आरतीच्या आधी भाग्यलक्ष्मीने तिला जवळ घेतले. "किती वाळलीस गं," म्हणत पाठीवरून हात फिरवला. मी समोर होते. तिच्या दुसऱ्या हाताची बोटे विमलाच्या पदराशी होती. मिठी सुटली तेव्हा गाठी चार होत्या.

नंतर विमला बराच वेळ पदर हातात धरून उभी राहिली. पाचवी गाठ कशाची होती, हे तिला आठवत नव्हते. ती होती की नव्हती, हेही आठवत नव्हते.

एकोणसाठ. मालन पाच वर्षांची, जवळच्या शाळेत जायची. नवरात्राचा चौथा दिवस, शाळेला दुसऱ्या दिवसापासून सुटी लागणार होती. सकाळी विमला खालच्या पायरीपाशी वाट्यांत नवे तांदूळ भरत होती. भाग्यलक्ष्मी तिच्यामागे उभी राहिली.

"आज शाळेत शारदेचा कार्यक्रम आहे म्हणे. चारला सोडणार. काल बाजारात बाई भेटल्या, त्या सांगत होत्या. तू विसरशील म्हणून सांगितलं."

"चार," विमला म्हणाली आणि तिने गाठ मारली. घट्ट.

बाराच्या सुमाराला भाग्यलक्ष्मी आमच्यासमोर फुलवाती वळत बसली. घड्याळ माझ्या मागच्या भिंतीवर आहे, त्यामुळे तिचे डोळे मला थेट दिसत. आतून विमलाच्या स्वयंपाकाचा आवाज येत होता. बारा वाजले. साडेबारा वाजले. भाग्यलक्ष्मीने वाती मोजल्या, पुन्हा वळू लागली. एक वाजला. ती हलली नाही. सव्वा वाजता तिने तांब्यातले पाणी प्यायले. दीडला उठली, छत्री घेतली, चपला घातल्या आणि गेली.

दोन वाजता ती मालनला कडेवर घेऊन आली. पोरीचे डोळे सुजले होते, आवाज बसला होता. शाळा बारालाच सुटली होती; जवळजवळ दोन तास ती बंद शाळेच्या फाटकाला धरून उभी होती.

संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले. विमला भिंतीला टेकून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले.

"अक्का, तुम्हीच चार म्हणालात. इथंच. या बाहुल्यांसमोर."

भाग्यलक्ष्मीचे डोळे भरून आले. "म्हणाले असेन बाई," ती म्हणाली. "माझीच चूक. भाऊजी, तिला काही बोलू नका. मी कबूल करते, मीच चार म्हणाले."

यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि बसू नये म्हणूनच ते म्हटले होते. विश्वेश्वर वहिनीकडे कृतज्ञतेने पाहत होता.

"अहो, खरंच म्हणाल्या त्या!" विमला ओरडली. "मी गाठ मारलीय, हे बघा." तिने पदर पुढे केला. त्याला सात-आठ गाठी होत्या, ओळीने. नरसिंहरावांनी मान फिरवली. मग तिने मला खालच्या पायरीवरून उचलले आणि नवऱ्यासमोर धरले. "हिला विचारा! ही होती इथं. हिनं ऐकलंय!"

नरसिंहरावांनी चष्मा काढून हातात घेतला. विश्वेश्वरने पुढे होऊन विमलाची बोटे एकेक करून माझ्यावरून सोडवली.

मी ऐकले होते. सगळे ऐकले होते. मी लाकूड आहे.

आठवड्याच्या आत तिला खानापूरला पाठवायचे ठरले. विश्रांतीसाठी, थोडेच दिवस. मालनची शाळा बुडू नये म्हणून मालन इथेच. दशमीच्या दुसऱ्या दिवशी विमला ट्रंकेपाशी आली. तिने मला स्वतः गुंडाळले, मग उलगडले, फडक्याच्या आत मी आहे हे पाहिले, पुन्हा गुंडाळले. असे तिने चार वेळा केले. बाहेर टांगा उभा होता.

"विमला, चल बाई, गाडी चुकेल," भाग्यलक्ष्मीने हाक मारली. "ती आवरते मी."

त्यानंतर मालन पलंगावर भाग्यलक्ष्मीजवळ झोपू लागली. पोर तिला दोड्डम्मा म्हणायची, म्हणजे मोठी आई. खानापूरहून पत्र आले की ती मालनला वाचून दाखवायची. कागद उलटल्याचा आवाज दोनदा यायचा, वाचन चार ओळींत संपायचे. "आई बरी आहे. तू शहाण्यासारखी राहा म्हणते." "कधी येणार लिहिलंय?" "ते नाही लिहिलं गं, पाप, तिच्या लक्षात राहत नाही." साठच्या दसऱ्याला मालनने मला पाहून विचारले, "हिचा राजा कुठाय?" तिला सांगितले गेले, तुझ्या आईने हरवला, तिथूनच तिचे सुरू झाले. ही गोष्ट तिला नंतर दर वर्षी सांगितली गेली, जशी दुसऱ्या मुलांना दशावताराची सांगतात.

एकसष्ट साली ट्रंक उघडली नाही.

आधी मला वाटले, दिवस मोजण्यात माझी चूक झाली असेल. बाहेर आरत्यांचे आवाज येत होते, दुसऱ्यांच्या घरातले. आमच्या हॉलमध्ये पायऱ्या रचल्या नाहीत. ज्या घरात कुणी जाते त्या घरात त्या वर्षी बाहुल्या बसवत नाहीत. कोण गेले, हे मला पलंगावर रडणाऱ्या मालनच्या आवाजावरून कळले. कशाने गेली, ते ट्रंकेला कुणी सांगितले नाही. भाग्यलक्ष्मी तिला थोपटत होती. "रडू नको. मी आहे ना."

ते वर्ष फार लांब होते. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. ज्यांच्या घरात असे एखादे वर्ष होऊन गेले आहे, त्यांना ते माहीत आहे.

बासष्टला झाकण उघडले तेव्हा मालन भाग्यलक्ष्मीला दोड्डम्मा म्हणत नव्हती. अम्मा म्हणत होती.

आता सदुसष्ट साल. मालन तेरा वर्षांची. परकर आणि वर दावणी, म्हणजे अर्धी साडी, नेसते, आईसारखी उंच होते आहे, बोलते कमी. यंदा पायऱ्या रचायच्या आदल्या दुपारी, गुडघे धरले म्हणून, भाग्यलक्ष्मीने तिला किल्ली देऊन साड्यांच्या कपाटातून पांढरे कापड आणायला पाठवले. ते दार करकरलेले मी ऐकले. मग बराच वेळ काहीच नाही.

मग ट्रंक उघडली. मालनने मला बाहेर काढले आणि माझ्या शेजारी राजाला उभे केले.

अकरा वर्षांनी आम्ही शेजारी होतो. त्याचा रंग माझ्याहून गडद राहिला होता, तो उजेडात कमी आला होता ना. तपकिरी अस्तराचा अंगरखा तसाच. मालन जमिनीवर बसली. तिने माझ्या पावलावरच्या खुणांवर अंगठा ठेवला. तिला सगळी गोष्ट पाठ होती, कारण दर वर्षी तिला ती सांगितली होती. राजा कुणी हरवला, कधी हरवला, तिथून काय सुरू झाले. आता तो राजा साड्यांखाली, टॉवेलात, व्यवस्थित गुंडाळलेला सापडला होता.

मी वाट पाहत होते. आता ही ओरडेल. आता हॉलमध्ये जाईल, राजाला सगळ्यांच्या मधोमध ठेवील. विश्वेश्वर घरात होता. नरसिंहराव घरात होते. तिच्या आईला ज्या दिवशी कुणी साक्षीदार नव्हता, तो दिवस आज पुन्हा आला होता आणि आज साक्षीदार होता.

"मालन, कापड सापडलं का गं?" बाहेरून हाक आली.

मालनने राजाला टॉवेलात गुंडाळले. घडीवर घडी, होती तशीच. उठली. कपाटाचे दार पुन्हा करकरले.

"सापडलं, अम्मा," ती म्हणाली.

आवाज मृदू होता. मी तो आवाज ओळखला, आणि आम्हा लाकडांना जेवढे दचकता येते तेवढी मी दचकले.

"अम्मा, तुम्ही बसा. गुडघे दुखतात ना? मी मांडते," ती म्हणाली. तिने मला सर्वांत वर कलशाशेजारी ठेवले. भाग्यलक्ष्मीची जोडी हातात घेऊन ती मागे सरली, मान कलती केली. "ही खाली ठेवू या. वर मुलांना दिसत नाही." दर वर्षी ऐकलेले वाक्य होते ते.

कलशाशेजारी उभे राहायला मला पंधरा वर्षे लागली. मला आनंद व्हायला हवा होता. पण वरून सगळे दिसते. दुसऱ्या दिवशी मालनने भाग्यलक्ष्मीचा चष्मा उचलून मातीच्या पोकळ हत्तीत टाकलेला मला दिसला.

"चष्मा कुठं गेला माझा?"

"तुम्हीच मघाशी काढून ठेवलात की, अम्मा."

"मी? कुठं?"

"आठवा बरं."

संध्याकाळी मालनने तो हत्तीतून काढून नेला, आणि चष्मा देवघरात सापडला. तिसऱ्या दिवशी अडकित्ता. पाचव्या दिवशी सोयराबाई आल्या, थकलेल्या, काठी टेकत. मालनने त्यांना पाणी दिले आणि हळूच म्हणाली, "अम्मांना हल्ली स्वल्प विसरायला होतं, पाप. तुम्ही काही विचारू नका हं."

"अगं भाग्या, माझ्या आधी म्हातारी झालीस की!" सोयराबाई हसल्या.

भाग्यलक्ष्मी हसली नाही. ती मालनकडे पाहत होती. मालन तिच्याकडे पाहून हसली. गोड हसली.

दशमीला आरती झाली. निरांजन अजून जळत होते. मालन पायऱ्यांपाशी आली. मला वाटले, दर वर्षीसारखा हात माझ्याकडे येईल. तो खाली गेला. तिने भाग्यलक्ष्मीची राणी उचलली आणि शेट्टीच्या दुकानासमोर पाठीवर निजवली.

"यंदाचा मान हिचा," ती म्हणाली.

भाग्यलक्ष्मीचा चेहरा मला वरून स्पष्ट दिसला. तिला कळले होते का? काय कळले होते? माहीत नाही. तिचा हात पदराकडे गेला आणि तिने एक गाठ मारली.

उद्या मी पेटीत जाईन. त्याआधी, ऐकणारे कुणी असेल तर, मी हे बोलून ठेवते आहे.

मालन, तो राजा बाहेर काढ. सगळ्यांसमोर ठेव आणि विचार. तुझ्या वडिलांना विचार, मोठ्या बाबांना विचार. ओरड. भांडी आपट. शेजारपाजार गोळा होऊ दे. तुझी आई एकदाच मोठ्याने बोलली, तेव्हा तिच्या बाजूने फक्त मी होते. तुझ्या हातात राजा आहे. हा मृदू आवाज तुझा नाही. तो कुणाच्या घशातून आला, ते मी पंधरा वर्षे ऐकले आहे. तो एकदा गळ्यात बसला की निघत नाही. तू माझ्या पायाला दात लावलेस तेव्हा मला दुखले नव्हते. आता दुखते आहे.

पण मी हे म्हणते आणि कुणाला ऐकू जात नाही. निरांजन विझले. बायका गेल्या. हॉलमध्ये आम्ही बाहुल्याच उरलो आहोत, एक आडवी. आतून भाग्यलक्ष्मीचा आवाज येतो आहे. मृदू, थोडा कापरा.

"मालन, अगं, माझ्या किल्ल्या पाहिल्यास का? आत्ता कमरेला होत्या."

"असू दे, अम्मा," मालन म्हणते आहे. "होतं असं."